काजळी, थंडी आणि ॲना मणी

डिसेंबरात सकाळी सातच्या सुमारास पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून वर गेले आणि मागे वळून पाहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. पाथर्डी फाटा, अंबड, सिडको या भागांतील घरांवर करड्या-तपकिरी रंगाचा एक थर अंथरलेला असतो. त्याच्या वरचे आकाश निळे, खालची हवा धुरकट. थराची वरची कड कोणी पट्टीने आखावी इतकी सरळ. दुपारी एक वाजता त्याच पायरीवर उभे राहिले, तर तो थर बराचसा विरलेला असतो. एवढ्या वेळात महामार्गावरचे ट्रक काही थांबलेले नसतात. फरक पडलेला असतो तो उन्हाचा.

धूर माणूस सोडतो. तो त्याच्या नाकाशी किती वेळ रेंगाळणार, हे मात्र हवामान ठरवते. ही गोष्ट डोळ्यांना दिसते, पण आकड्यांत सांगायची तर विश्वासू यंत्रे लागतात. उन्हाचा किती भाग हवेतल्या कणांनी अडवला, थंड हवेचे झाकण जमिनीपासून किती उंचीवर बसले आहे, वारा किती वाहतो आहे, हे मोजावे लागते. भारतात अशी यंत्रे घडवण्याचे, आणि ती खरे बोलतात ना याची खात्री करून घेण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्या शास्त्रज्ञ म्हणजे ॲना मणी. त्यांच्या कारकिर्दीची वीस वर्षे पुण्यात गेली.

हिऱ्यांच्या कुड्या नकोत

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता, वेलदोड्याचे मळे असलेले. घर सुखवस्तू, सीरियन ख्रिश्चन. आठ भावंडांत ॲना सातवी. अशा घरात मुलग्यांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचे आणि मुलींनी चांगल्या स्थळी लग्न करून जायचे, अशी तेव्हाची रीत होती. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांच्या कुड्या देण्याचीही त्या घरात पद्धत होती. ॲनाने कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी ब्रिटानिका ज्ञानकोशाचा संच मागितला. गावच्या वाचनालयातली मल्याळी पुस्तके तिने तोवर जवळजवळ संपवली होती.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. वायकोमच्या मंदिराभोवतीचे रस्ते अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले व्हावेत, यासाठी सत्याग्रह सुरू होता आणि १९२५ साली महात्मा गांधी तिथे आले. लहानग्या ॲनावर त्याचा खोल ठसा उमटला. तिने खादी वापरायला सुरुवात केली. स्वदेशीचे हे वेड पुढे तिच्या विज्ञानातही उतरले. सुतापासून सुरू झालेली गोष्ट पारा, काच आणि पितळेपर्यंत गेली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ साली त्यांनी भौतिकशास्त्रात ऑनर्ससह पदवी घेतली. पुढच्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. रामन यांचे लक्ष तेव्हा हिऱ्यांवर होते. लहानपणी ज्या हिऱ्यांना नाही म्हटले, तेच हिरे आणि माणके घेऊन त्या रात्र रात्र बसू लागल्या. हिऱ्यावर प्रकाश पडला की तो स्वतः मंदपणे उजळतो. त्या उजेडाचा वर्णपट छायाचित्राच्या काचेवर उतरवायला पंधरा-वीस तास लागत. त्यामुळे प्रयोगशाळेतच झोपायची सवय झाली. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पाठवला. विद्यापीठाने तो स्वीकारला नाही. कारण काय, तर त्यांच्याकडे एम. एस्सी.ची पदवी नव्हती. ऑनर्सची पदवी होती, शिष्यवृत्ती होती, पाच निबंध छापून आले होते, पण नियमाच्या रकान्यात ते बसले नाही. डॉक्टरेट त्यांना कधीच मिळाली नाही. तो प्रबंध आजही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. या गोष्टीचा त्यांनी पुढे बाऊ केला नाही. पण आपल्या कामाची किंमत कागदावरच्या शिक्क्याने ठरत नाही, हे त्यांनी पुढची पन्नास वर्षे कामातून दाखवले.

लंडनला भौतिकशास्त्र शिकायला, शिकल्या यंत्रे

१९४५ सालीच सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात गेल्या. मनात होते भौतिकशास्त्राचे पुढचे शिक्षण. पण शिष्यवृत्ती शिल्लक होती ती हवामानशास्त्रातील उपकरणांची. त्यांनी तीच घेतली. तापमापक, वायुभारमापक, वारा मोजणारी चक्रे ही कशी बनतात, कशी बिघडतात, एकाच कारखान्यातून निघालेली दोन यंत्रे वेगवेगळे आकडे का दाखवतात, याचा अभ्यास त्यांनी तिथे केला.

तेव्हाचे लंडन म्हणजे घरोघरी दगडी कोळसा जाळणारे शहर. त्या शहराने पुढे जगाला एक कडू धडा दिला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत तिथे वारा पडला. जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला आणि लाखो चुलींचा, कारखान्यांचा धूर खालीच कोंडला गेला. चार हजारांच्या आसपास माणसे दगावल्याचा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या फेरमोजणीत तो आकडा बारा हजारांपर्यंत गेला. त्या आठवड्यात लंडनकरांनी आधीच्या आठवड्यापेक्षा फार जास्त कोळसा जाळला असे नव्हे. थंडीमुळे थोडा अधिक जाळला असेल. मुख्य बदल झाला तो हवामानात. रोजचाच धूर त्या पाच दिवसांत प्राणघातक ठरला. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

ॲना मणी त्याआधीच, १९४८ साली, मायदेशी परतल्या होत्या. देश स्वतंत्र झाला होता आणि हवामान खात्याला साधे तापमापकदेखील बाहेरून मागवावे लागत होते.

शिमला ऑफिसातील कार्यशाळा

पुण्यात शिवाजीनगरला असलेल्या वेधशाळेच्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आले, म्हणून हे नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण उपकरणांचा विभाग पुण्यात राहिला. ॲना मणी तिथे रुजू झाल्या. एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या मार्गदर्शनाखाली हवामानाची उपकरणे देशातच बनवण्याचे काम सुरू झाले होते. १९५३ साली या विभागाची सूत्रे मणी यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. त्या काळात एका बाईने लेथवर काम करणाऱ्या कारागिराला वर्तुळाचा व्यास चुकला आहे असे सांगावे, हे सोपे नव्हते. त्यांनी ते आवाज न चढवता केले. चूक मोजून दाखवली की वाद उरत नसे.

जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले. म्हणजे स्क्रू कोणत्या मापाचा, काच किती जाडीची, काटा कोणत्या धातूचा, हे सगळे कागदावर पक्के केले. त्यानंतर पर्जन्यमापक असो वा वातकुक्कुट, देशात कुठेही बसवलेले यंत्र एकाच मापाने बोलू लागले.

त्यांचा एक आग्रह होता आणि तो त्यांच्या सगळ्या सहकाऱ्यांना ठाऊक होता. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्या मानत. डॉक्टरला हे लगेच पटेल. बिघडलेल्या यंत्राने रक्तदाब १२० दाखवला, तर रुग्ण निर्धास्त घरी जातो. यंत्रच नसते तर निदान शंका तरी राहिली असती. हवेचेही तसेच आहे. सदोष यंत्राने हवा चांगली असल्याचा निर्वाळा दिला, की शहर निर्धास्त होते.

उन्हाचा हिशेब

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्या निमित्ताने मणी यांनी भारतात सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभी केली. प्रारण म्हणजे सूर्याकडून जमिनीवर पोहोचणारी ऊर्जा. सुरुवातीला यंत्रे परदेशी होती. लवकरच ती पुण्यात बनू लागली.

या यंत्राची रचना सांगण्याजोगी आहे. काचेच्या घुमटाखाली काळा लेप दिलेला एक लहान पृष्ठभाग असतो. काळा रंग ऊन शोषतो, तापतो. शेजारचा भाग तितका तापत नाही. दोहोंच्या तापमानातील फरकामुळे अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो आणि तो नोंदला जातो. ऊन जितके जास्त, तितका फरक जास्त. काळे ते तापते, या एका तत्त्वावर हे यंत्र चालते.

आता हेच तत्त्व हवेतल्या काजळीला लावून पाहावे. काजळी म्हणजे अर्धवट जळलेल्या इंधनातून निघालेला कार्बन. डिझेल, लाकूड, गोवऱ्या, दगडी कोळसा, टायर, कचरा, जे काही पुरेशा हवेशिवाय जळते ते काजळी सोडते. तिचे कण इतके बारीक असतात, की केसाच्या जाडीत शेकडो सहज मावतील. हे कण काळे असल्याने ऊन शोषतात. त्यामुळे वरची हवा तापते आणि जमिनीवर येणारे ऊन घटते. जमीन कमी तापली, की तिच्याजवळची हवा वर उठण्याचा जोरही कमी होतो. म्हणजे काजळी स्वतःला खाली कोंडून ठेवण्याची सोय स्वतःच करते. दाट धुराच्या शहरात सकाळचा थर उशिरा विरतो, त्याचे हे एक कारण.

उन्हाच्या नोंदींवरून हवेत किती कण आहेत हे काढता येते, हे मणी यांनी ओळखले. सूर्यबिंबाकडे रोखलेल्या यंत्रापुढे रंगीत काचा धरायच्या आणि प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत किती ऊर्जा येते ते मोजायचे. बाष्प प्रकाशाचा एक भाग शोषते, धूळ आणि धुराचे कण दुसऱ्या भागात जास्त अडथळा आणतात. या फरकावरून कणांचा वाटा वेगळा काढायचा. स्वीडनचे शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी सुचवलेल्या या पद्धतीने मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या अनेक ठिकाणच्या हवेचा गढूळपणा मोजला आणि १९६९ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हवेच्या प्रदूषणाविषयीचा आपला राष्ट्रीय कायदा आला १९८१ मध्ये. हवा किती गढूळ आहे याचे भारतीय आकडे त्याच्या बारा वर्षे आधी छापले गेले होते.

या यंत्रांची निगा राखणे हे मोठे जिकिरीचे काम. काचेच्या घुमटावर धूळ आणि काजळी बसली, की यंत्राला ऊन कमी दिसते. म्हणून निरीक्षकाने रोज सकाळी मऊ फडक्याने तो पुसायचा. कामगिरी क्षुल्लक वाटते, पण ती एक दिवस चुकली तरी आकडा खोटा. ठरावीक काळाने प्रत्येक यंत्र पुण्याच्या मानक यंत्राशी ताडून पाहायचे, अशी शिस्त मणी यांनी घालून दिली. पुण्याचे हे केंद्र पुढे जागतिक हवामान संघटनेने आशियासाठीचे प्रादेशिक प्रारण केंद्र म्हणून मान्य केले.

फुग्याला दिसलेले झाकण

खालून वर पाहून सगळे कळत नाही. म्हणून वेधशाळा रोज पहाटे आणि संध्याकाळी हायड्रोजनचे फुगे सोडतात. फुग्याला टांगलेले छोटे यंत्र वर जाताना तापमान, दाब आणि आर्द्रता रेडिओने कळवत राहते. उंच जावे तशी हवा गार होत जाते, हा नेहमीचा नियम. पण थंडीतल्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते. जमिनीलगतची हवा आधी गारठते आणि वरची तुलनेने उबदार राहते. पहाटेच्या फुग्याला हा उलटा क्रम स्पष्ट दिसतो. गार हवा जड, ती वर उठत नाही. उबदार हवेचे झाकण घट्ट बसते. उन्हाळ्याच्या दुपारी जो धूर एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पसरतो, तो हिवाळ्याच्या पहाटे शे-दोनशे मीटरच्या खोलीत कोंडतो. धूर तेवढाच, खोली दहापट लहान.

मणी यांनी फुग्यावर ओझोन मोजणारे यंत्रही देशात तयार करवले. असे यंत्र स्वतः बनवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारताचे नाव आले आणि मणी आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाच्या सदस्य झाल्या. १९६०च्या दशकात विक्रम साराभाई यांनी थुंबा येथे अग्निबाण सोडण्याचे केंद्र उभारले, तेव्हा तिथल्या हवामान वेधशाळेची आणि यंत्रे बसवलेल्या मनोऱ्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. अग्निबाण सोडण्याआधी जमिनीलगतचा वारा कळणे गरजेचे असते. धुराचे भवितव्यही त्याच वाऱ्यावर ठरते.

१९६९ साली त्या उपमहासंचालक होऊन दिल्लीला गेल्या आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. १९७०च्या दशकात हवामान खात्याने जागतिक जाळ्याचा भाग म्हणून हवेच्या प्रदूषणाची पार्श्वभूमी मोजणारी दहा केंद्रे देशात उभी केली. त्यांत महाराष्ट्रातील पुणे आणि नागपूर ही दोन होती. हवेचा गढूळपणा आणि पावसाच्या पाण्यातील रसायने तिथे नियमित तपासली जाऊ लागली.

नोंदींनी पुढे काय सांगितले

एखाद्या शास्त्रज्ञाने लावलेली शिस्त फळाला यायला कधी कधी दोन पिढ्या लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी १९८१ ते २००४ या काळातील देशातल्या बारा ठिकाणच्या प्रारणाच्या नोंदी तपासल्या. जमिनीवर पोहोचणारे ऊन दर वर्षी चौरस मीटरमागे सरासरी ०.८६ वॅटने घटत असल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ढग हे एक कारण होते, पण माणसाने हवेत सोडलेले कण हेही मोठे कारण होते. घुमट रोज पुसले गेले होते, यंत्रे ताडून पाहिली गेली होती, म्हणूनच एवढी बारीक घट पकडता आली.

त्याच संस्थेने २००५ साली पुण्याच्या हवेतील काजळी वर्षभर मोजली. काजळी सर्वांत जास्त हिवाळ्यात आणि सर्वांत कमी पावसाळ्यात आढळली. दिवसभरातही तिचे दोन चढ दिसले. एक सकाळी, दुसरा रात्री आठनंतर. दुपारी ती सर्वांत कमी. सकाळी आणि रात्री दोन गोष्टी एकत्र येतात. रस्त्यावर वाहने आणि घरात चूल किंवा शेकोटी पेटलेली असते, आणि त्याच वेळी हवेचे झाकण खाली आलेले असते. दुपारी वाहने असतात, पण झाकण उचललेले असते. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा स्वच्छ वारा आणि सरी हवा धुऊन काढतात. ताजी काजळी मात्र तेलकट असल्याने पाण्याला लवकर दाद देत नाही. तिच्यावर इतर रसायनांचा लेप चढला, की मगच ती थेंबात सापडते. म्हणून एखाद्या अवकाळी सरीने रस्त्याकडेची काजळी नाहीशी होईल, या भरवशावर राहू नये.

नाशिकची हवा नैसर्गिकरीत्या चांगली, अशी या शहराची ख्याती होती. आजार बरा व्हावा म्हणून मुंबईची माणसे देवळालीला येऊन राहत. पण हवा चांगली असण्यात उंचीचा, वाऱ्याचा आणि मोकळ्या माळाचा वाटा होता. शहर वाढले तशी सातपूर-अंबडचे कारखाने, मुंबई-आग्रा महामार्गाची अवजड वाहतूक, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, वीटभट्ट्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवला जाणारा कचरा यांची भर पडली. केंद्राने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे मानक न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत नाशिकचेही नाव आहे.

इथल्या हिवाळ्याची एक खास अडचण आहे. निफाडचा पारा राज्यात नीचांकाला जातो, तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. मण्यांना तडे जाऊ नयेत, वर्षाचे पीक हातचे जाऊ नये, यासाठीची ही धडपड असते. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. पण हे समजून घ्यायला हवे, की ज्या झाकणामुळे बागेतली ऊब टिकते, त्याच झाकणामुळे धूरही टिकतो. शेतकरी, त्याची मुले आणि बागेत काम करणारे मजूर तो धूर सगळ्यांत आधी घेतात.

छातीत जाणारा भाग

काजळी आणि आजार यांचा संबंध वैद्यकाला फार जुना ठाऊक आहे. १७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचे कारण काजळी असल्याचे दाखवून दिले. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली ठळक नोंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला मानवात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांत घातले.

काजळीचा कण नाकातल्या केसांना आणि घशाला चुकवून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. जाताना तो इतर विषारी रसायने पाठीवर वाहून नेतो. त्यामुळे दमा उसळतो, जुन्या श्वसनविकाराचे रुग्ण धापा टाकू लागतात. हे कण रक्तात उतरले, की रक्तवाहिन्यांना सूज येते आणि हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढतो. २०१९ साली बेल्जियममधील संशोधकांना गर्भवतींच्या वारेत, गर्भाकडच्या बाजूलाही, काजळीचे कण आढळले. पहिला श्वास घेण्याआधीच बाळाची धुराशी गाठ पडते, असा त्याचा अर्थ.

भारतीय मानकानुसार अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांचे २४ तासांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा १५ आहे. हवेचे हे आकडे आता मोबाइलवर दिसतात. पण ते यंत्र नीट लावले आहे का, ते कधी तपासले, हा मणी यांचा जुना प्रश्न अजून तितकाच ताजा आहे.

झाकण उचलणे माणसाच्या हातात नाही. पहाटे काय पेटवायचे, हे मात्र त्याच्या हातात आहे. हिवाळ्यात फिरायला जायचे तर पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर, साडेनऊ-दहानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास जावे. दमा आणि हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांनी धुरकट सकाळी मोठ्या रस्त्याकडेला थांबू नये. दम्याचा पंप बरे वाटते म्हणून थंडीत परस्पर बंद करू नये. पालापाचोळा, प्लॅस्टिक, टायर जाळू नयेत. ते कधीही वाईटच, पण थंडीच्या रात्री जाळले तर सगळा धूर गल्लीतच मुक्काम करतो. महापालिका आणि उद्योगांसाठीही हाच धडा आहे. ज्या रात्री वारा पडणार आणि पारा उतरणार असा अंदाज असतो, त्या रात्री धूर कमी सोडला तर त्याचा लाभ सर्वाधिक होतो.

शेवटपर्यंत वारा आणि ऊन

निवृत्तीनंतर ॲना मणी तीन वर्षे रामन संशोधन संस्थेत राहिल्या. देशभरातील सौर प्रारणाच्या नोंदी एकत्र करून त्यांनी १९८० आणि १९८१ मध्ये दोन मोठे संदर्भग्रंथ सिद्ध केले. सौर ऊर्जेचा कुठलाही आराखडा करणाऱ्या अभियंत्याला त्यांचा आधार घ्यावा लागला. त्यानंतर त्या वाऱ्याच्या मागे लागल्या. देशात शेकडो ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजण्याचे काम त्यांनी बंगळूरहून चालवले. काजळी न सोडता वीज कुठून मिळेल, याचा नकाशाच त्या आयुष्याच्या उत्तरार्धात तयार करत होत्या. बंगळूरला त्यांनी हवामानाची उपकरणे बनवणारा एक लहानसा कारखानाही सुरू केला होता.

त्यांनी लग्न केले नाही. डोंगर चढणे, पक्षी पाहणे आणि वाचणे हे त्यांचे छंद. बाई म्हणून आपण काही जगावेगळे केले, असे कोणी म्हटले तर त्यांना ते रुचत नसे. १९८७ साली त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळाले. १९९४ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्र्याऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

पुण्यात आणि देशातल्या इतर वेधशाळांत उन्हाच्या नोंदी आजही चालू आहेत. गच्चीवरच्या काचेच्या घुमटावर रात्रीतून बसलेली धूळ आणि काजळी सकाळी पुसावीच लागते. फडक्यावर जो काळा डाग उरतो, तेवढाच यंत्रापासून दूर होतो. बाकीचा हवेत असतो.